चार देशांत वाटलेला मासा

८ ऑक्टोबर

एकदाचे पाहुणे येऊन गेले. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे साहेब, शिवाय आणखी तीन देशांच्या प्रयोगशाळांची माणसं. फुकुशिमाच्या अणुकेंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडतात, त्यावर जगाची नजर हवी— म्हणून. मच्छीमार संघाच्या तपासणीच्या खोलीत, जिथे मी रोज माशातला किरणोत्सार मोजते, पाय ठेवायला जागा नव्हती. मी नेहमीसारखा हिरामे, आमच्या बंदराचा तो चपटा मासा, सोलला, काटे काढले, खिमा केला, डब्यांत भरला. सगळे माझ्या हातांकडे बघत होते, जशी काही मी जादू करणार होते! डब्यांना सील, सीलवर सह्या. आता प्रत्येक देश आपापल्या घरी मोजणार आणि मग आकडे ताडून बघणार.

मासा आमच्या यांच्या बोटीवरचा. संघाचे अध्यक्ष ओनुमासान ज्याला त्याला तेच सांगत सुटले होते. हे दारात टेकून म्हणाले, "नशीबवान आहे लेकाचा. मेल्यावर का होईना, परदेश बघतोय. मी अजून ओसाकाच्या पुढे गेलो नाही." मग दुसऱ्या हिरामेचे कच्चे काप करून वर्तमानपत्रवाल्यांसमोर खाल्ले. फोटो काढून घेतला. एरवी फोटो म्हटला की पळणारा माणूस.

कापही दोनच खाल्ले. हल्ली यांचं जेवण कमी झालंय.

११ ऑक्टोबर

फोटो छापून आला. मिझुएला पाठवला. "बाबा छान दिसतायत," एवढंच उत्तर. माशाबद्दल अवाक्षर नाही.

लग्न होऊन सायतामाला गेली, तेव्हापासून पोरीच्या घरात आपल्या बंदराचा मासा शिजत नाही. तोंडावर बोलत नाही. "हिनाला काटे लागतात गं आई." शाळेत जाणाऱ्या मुलीला काटे! हे सगळं समजून आहेत. तरी दर नववर्षाला नातीच्या नावाने माशांची पेटी भरतात, बर्फ स्वतः घालतात. पेटीचं तिकडे काय होतं ते आम्ही विचारत नाही.

२९ ऑक्टोबर

सेंदाईच्या इस्पितळात. जठराचा कर्करोग. फार पुढे गेलाय म्हणतात.

इथल्या इस्पितळात जायचं नाही हा यांचाच हट्ट. "तिथे निम्मं बंदर बाकावर बसलेलं असतं." परत येताना गाडीत म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. फोटोत मासा खाणाऱ्याच्याच पोटात हे निघालं. लोक काय म्हणतील ते तुला वेगळं सांगू?"

मी म्हटलं, अहो, मामंजी याच दुखण्याने गेले. तेव्हा ते केंद्र उभंही राहिलं नव्हतं.

"ते तुला माहीत, मला माहीत. मासळीबाजारात वंशावळ कोण वाचतं?"

खरं आहे. त्सुनामीनंतर एकेक पेटी विकून बंदराने नाव परत मिळवलंय. ते यांच्या पोटापायी जायला नको. पण म्हणजे मला रडायचीही चोरी.

३० ऑक्टोबर

रडले. न्हाणीघरात, नळ सोडून.

१४ नोव्हेंबर

बोट बांधलेली बघून शेजारची फुसाए विचारायला आली. इंजिन बिघडलंय म्हटलं.

"आणि तोकुजीसान एवढे सुकले ते?"

"दात काढलेत."

ती निघून गेली. दुपारी दारात झाकलेलं भांडं होतं— भाताची पेज आणि मऊ उकडलेला मुळा. दात काढलेल्या माणसाला चालेल असं. भांडं परत करताना तिनेही काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

२ डिसेंबर

मिझुएला सांगावंच लागलं. धावत आली. बाबांसमोर धीराची होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाली, "बाबा तो मासा रोजच खायचे ना?"

थोबाडीत ठेवून देणार होते. दिली नाही.

"मीही रोज खाते. मेले का मी?"

"तसं नाही गं आई."

"मग कसं?"

आजोबा कशाने गेले ते तिला माहीत आहे. मी रोज काय मोजते, किती येतं, किती चालतं, सगळं तिला दहादा समजावलंय. पोटच्या पोरीला पटत नाही, तर टोकियोच्या गिऱ्हाइकाला काय पटणार? फार राग आला. अजून गेला नाही.

खोलीचं दार उघडंच होतं. यांनी ऐकलं असावं. संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडून होते.

३ जानेवारी

"हिनाची पेटी गेली?" यांनी विचारलं.

गेली म्हटलं. कुठली जाणार! बोट ऑक्टोबरपासून जागची हललेली नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

२१ फेब्रुवारी

चार देशांच्या मोजणीचा अहवाल आला. ओनुमासाननी छापील प्रत हातात दिली. मी ती घेऊन तडक सेंदाईचं इस्पितळ गाठलं, हे महिनाभर तिथेच दाखल आहेत; उशाशी बसून वाचून दाखवला. पाणी, मासा, सगळ्यांचे आकडे जुळले. धोक्याच्या रेषेच्या कितीतरी खाली.

"कुणीच भांडलं नाही?"

"नाही."

"चार देश, आणि एकमत. आपल्या संघाच्या सभेत चहा आधी की नंतर, यावर होत नाही."

हसले. हसल्यावर दुखलं. थोड्या वेळाने म्हणाले, "वाचलंस ते बरं केलंस. अधूनमधून मलाही वाटायचं."

काय वाटायचं ते मी विचारलं नाही. हात धरून बसले.

२७ फेब्रुवारी

पहाटे गेले.

२ मार्च

ओनुमासान आले. कपाळ चटईला टेकवून बसले, उठेचनात. निधनाच्या सूचनेत आजाराचं नाव नको, एवढं सांगायला आले होते बिचारे. मीच म्हटलं, "अल्पशा आजाराने, असं लिहा. त्यांनीच सांगून ठेवलंय."

सरळ माणूस, आणि त्याचं मरणसुद्धा सरळ सांगता आलं नाही.

अंत्यविधीला कशाने गेले म्हणून एकानेही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

१२ एप्रिल

उद्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी; रविवार म्हणून तीन दिवस आधीच. सुतक फिटणार. इतके दिवस घरात मासा नव्हता, उद्या पंगतीला हवाच. फुसाए भीत भीत म्हणाली, बाहेरून मागवायचा का? मी म्हटलं, तोकुजीच्या घरात बाहेरचा मासा? लिलावातून आपल्या बंदराचे हिरामे आणलेत. चांगले जाडजूड आहेत. तपासणी मीच केली.

मिझुएचा फोन. "आई, उद्या हिनालाही वाढ." मग बराच वेळ नुसती रडत होती. "बाबा असताना का नाही गं वाढला मी?"

माझा राग गेला. कितीतरी दिवसांनी आज बरं वाटलं. हे असते तर बर्फाची पेटी उगाचच पुसत बसले असते.

१३ एप्रिल

सगळ्यांनी खाल्ला. फुसाएने, ओनुमासाननी. मिझुएने डोळे पुसत पुसत.

हिनाने काप तोंडाशी नेला, आणि माझा हात आपोआप पुढे गेला, तिची बशी ओढून घ्यायला. माझा हात!

मिझुएने पाहिलं.