प्रविण पडला कावून न्हाई

११ जानेवारी, शनिवार

प्रविणला गोळी लागली. जिवंत आहे. छातीत लागली, पण बुलेटप्रूफ जॅकेटवर. जिवंत आहे!

दुपारी दुकानात ब्लाऊजला हुक लावत बसले होते. फोन आला. तेलगाव फाट्यावर हॉटेलासमोर प्रविणचे मालक सुंदरराव गाडीतून उतरत होते, तोंड बांधलेला एक जण मोटारसायकलवर आला आणि गोळी झाडून गेला. सुंदररावांना काही नाही. मध्ये प्रविण होता. अंगरक्षक म्हणजे मध्येच असायचं. नोकरीच ती.

बीडला दवाखान्यात कशी पोचले, कुणाच्या गाडीत बसले, आठवत नाही. डाव्या छातीवर वांग्याएवढा काळानिळा डाग. बरगडीला चीर गेलीय. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत गेली नाही, पण मार आत गेलाय." श्वास घेतला की तोंड वाकडं करतो.

म्हणाला, "गोळी बसली तसा पाच-सहा फूट मागं उडून पडलो. मग काय समजलंच न्हाई."

(समोर अहो म्हणते. इथं मात्र प्रविण.)

१३ जानेवारी

घरी आणलं. माणसांची रीघ. सुंदरराव स्वतः येऊन गेले, खुर्चीवर बसले नाहीत, पलंगावर प्रविणच्या पायाशी बसले. एवढा मोठा गुत्तेदार, अर्ध्या तालुक्याचे रस्ते ह्यांनीच केलेले, पुढं झेडपीला उभं राहायचं म्हणतात — आणि पायाशी! सासूबाईंना भरून आलं.

सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "माझं लेकरू असं उचलून फेकलं गं बाई गोळीनं!" हात करून दाखवतात. सकाळी दारापर्यंत फेकलं होतं. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या पलीकडं गेलं.

हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

१४ जानेवारी, संक्रांत

हॉटेलच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय.

मी दुकानात शटर अर्धं ओढून बघितला. पुन्हा पुन्हा बघितला. सुंदरराव गाडीचं दार उघडतात. प्रविण पुढं. मोटारसायकल येते, धूर दिसतो. आणि प्रविण — उभा! एक पाऊलसुद्धा मागं नाही. मान खाली घालून छातीकडं बघतो. मग वर बघतो, इकडंतिकडं, कुणीतरी हाक मारली आणि कुणी ते कळेना, तसं. मोटारसायकल निघून जाते. मग कुठं हळूच खाली बसतो. जेवायला बसावं तसा.

फेकला गेला कुठं? उडाला कुठं?

खाली लोकांनी लिहिलंय. "गोळी खाल्ली अन् हाललं पण न्हाई बे!" "दिवाळीची टिकली वाजवली वाटतं." "सिनेमात तर माणूस भिंत फोडून पलीकडं जातो."

संध्याकाळी हळदीकुंकवाला गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. तिळगूळ हातावर ठेवला, पण गोड बोला कुणी म्हणालं नाही.

१५ जानेवारी

विचारलं नाही. भाकरी दिली, गोळ्या दिल्या. विचारलं नाही.

१७ जानेवारी

ठाण्यात बोलावलं. मीपण गेले. साहेब शांत बोलतात, त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाले, "जबाबात लिहिलंय मागे फेकला गेलो. कॅमेऱ्यात तर तू खांबासारखा उभा. कुणाचं धरू?" मग म्हणाले, जॅकेट आधी झाडाला टांगून गोळी मारता येते, नंतर अंगात घालता येतं. आणि मुका मार काय, कुठंही बसतो. खोटी फिर्याद निघाली तर आत जाशील.

प्रविण खाली बघत राहिला.

घरी आल्यावर मात्र विचारलं. "अहो, तुम्ही पडलात का नाही?"

"पडलो असंल."

"व्हिडिओत तर उभे आहात."

"मंग उभा असंल! गोळी तुला लागली का मला?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आजारी माणसाला कावून छळती?"

मी डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. रोज शेकते. तो खोटा कसा असेल? पण एवढा मार लागलेला माणूस उभा तरी कसा राहतो? बैल अंगावर आला तर माणूस पडतो. ही तर गोळी. आणि पडला नाही तर पडलो कशाला म्हणायचं? डोकं चालेना. एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली आज. उसवली, परत उलटीच जोडली.

२० जानेवारी

माजलगावला गेले. प्रविणला सांगितलं, अस्तर आणायला चालले. मैनुद्दीनभाईंच्या दुकानात गेले. वॉचमनचे गणवेश, शिट्ट्या, बॅटऱ्या विकतात, पुढाऱ्यांना बुलेटप्रूफ जॅकेटं आणून देतात. प्रविणचं जॅकेट त्यांच्याकडचंच.

मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "वहिनी, बरं झालं आलात. माझ्या दुकानाची पण अब्रू चाललीय. लोक म्हणतात, मैनुद्दीनचं जॅकेट नाटकातलं हाय."

मी विचारलं, "भाई, गोळी लागल्यावर माणूस उडतो का नाही?"

"न्हाई उडत."

असं पटकन! मला राग आला. सगळं जग बघतं की, सिनेमात.

मग त्यांनी काउंटरवर दोन्ही हातांनी बंदूक धरल्यासारखं केलं. "गोळी सुटती तेव्हा मागं धक्का बसतो. कुणाला? मारणाऱ्याला. जेवढा त्याच्या हाताला बसतो, तेवढाच समोरच्याला बसायचा, जास्त कुठून येणार? मारणारा उडून पडतो का? न्हाई. मंग खाणारा कावून उडंल?"

"पण माणसं पडतात ना?"

"पडतात. जीव जातो म्हणून, पाय गळतात म्हणून, भ्यातात म्हणून. गोळीनं ढकललं म्हणून न्हाई. गोळी भोक पाडती, वहिनी. ढकलत न्हाई. जॅकेटनं भोक थांबवलं. पण जराशा जागेवर सगळा घाव बसला, घणानं मारावं तसा. म्हणून बरगडी चिरली."

मग आवाज खाली करून म्हणाले, गिऱ्हाइकांना दाखवायचे तेव्हा आधी वाळूचं पोतं जॅकेट घालून टांगायचे. गोळी मारली की पोतं जागचं हलायचं नाही आणि लोक हसायचे, म्हणायचे पिस्तूल खोटं हाय. तेव्हापासून पोत्याला मागून तंगूस, म्हणजे न दिसणारा नायलॉनचा दोरा, बांधतात. गोळी सुटली की झाडामागचा माणूस ओढतो. पोतं उडतं. लोक टाळ्या वाजवतात, जॅकेट घेऊन जातात.

म्हणजे खोटं केलं की खरं वाटतं, आणि खरं दाखवलं की खोटं! बसमध्ये हाच विचार करत बसले. माझं तेलगाव मागं गेलं तरी कळलं नाही. शेजारी बसलेल्या दिंद्रुडच्या बाईनं विचारलं, "कुठं उतरायचं गं तुला?"

अस्तर आणायचं राहिलंच.

२३ जानेवारी

मैनुद्दीनभाई साहेबांच्या मागंच लागले होते. शेवटी साहेब म्हणाले, दाखवा काय दाखवायचं ते, पण आमच्या मैदानावर, आमच्या पिस्तुलानं.

मी कुंपणाजवळ उभी. प्रविण आला नाही, छाती दुखते म्हणाला. मैनुद्दीनभाईंनी स्वतःच जॅकेट चढवलं आणि म्हणाले, "साहेब, मी एका पायावर उभा राहतो. मारा. पडलो तर दुकान बंद करतो." साहेब ओरडले, "डोकं फिरलं का तुमचं? काढा ते!" शिपाई हसायला लागले. मला रडूच आलं. माझ्या नवऱ्यासाठी एक परका माणूस एका पायावर उभा राहायला तयार होता.

तेच जॅकेट घालून पोतं टांगलं. माणसाच्या वजनाचं. तंगूस नाही, साहेबांनी मागं फिरून बघितलं. मग स्वतः गोळी मारली. आवाजानं मी खाली बसले — मी बसले, पोतं नाही! पोतं नुसतं हललं. झोळीला कुणी बोट लावावं तसं. साहेबांनी परत मारली. परत तेवढंच.

साहेबांनी पिस्तूल शिपायाकडं दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "एवढी वर्षं नोकरी केली. मीपण सिनेमाच बघत होतो. बाई, तुमचा माणूस उभा राहिला म्हणून तो खोटा नाही."

पळत सुटावंसं वाटलं घरी.

प्रविणला सगळं सांगितलं. पोतं, मैनुद्दीनभाई, एक पाय. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "तू कावून गेलतीस तिथं?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

दुखत असेल. नाही का?

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सत्कार. शाल, नारळ, फेटा. सुंदरराव माईकवर म्हणाले, "हा माझा भाऊ हाय. माझी गोळी यानं खाल्ली." लई टाळ्या. मलाही वर बोलावलं, साडी दिली. सुंदररावांच्या मागं आता दोन बंदूकधारी पोलीस उभे असतात, सरकारनं दिलेले. पुढाऱ्याला शोभतं म्हणे. झेडपीचं तिकीट पक्कं झाल्याचंही कुणीतरी म्हणालं.

सासूबाईंनी गावभर पेढे वाटले. संक्रांतीला गप्प झालेल्या बायकाच आज माझ्या गळ्यात पडल्या.

प्रविणनं घरी येताच फेटा काढून कोपऱ्यात टाकला. जेवला नाही. मी म्हणाले, आता सगळे मानतात की तुम्हाला. मग का असं?

उठून अंगणात गेला. कळेना झालंय. सगळं नीट झाल्यावर हा माणूस असा का?

२७ जानेवारी

सकाळी चुलीपाशी येऊन बसला. सासूबाई शेताला गेल्या होत्या. माझ्याकडं न बघता बोलला.

"स्वप्ना, मारणारा सुंदररावांचाच माणूस होता. छातीवरच मारायचं ठरलं होतं. सरकारचे पोलीस मिळावेत म्हणून. मला म्हणले, गोळी लागली की तू आपोआप मागं पडशील, तुला काय करायचंच न्हाई."

दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"मी वाट बघत उभा होतो गं. आता पडंन, आता पडंन. गोळीनं पाडलंच न्हाई."