छकुलीच्या कांजण्या

जाऊबाई,

तुमच्या छकुलीच्या अंगावर उठलंय ते घामोळं नाही, कांजण्या आहेत. मला लहानपणी कधी आल्या नव्हत्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत तिच्यापासून लांब राहा म्हणाल्या, पोटातल्या जिवाला धोका नको. तोवर मी शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत राहते.

तिची नखं कापा. सासूबाई म्हणतील, नसती थेरं. म्हणू द्या. ह्यांचा जहाजावरून फोन आला तर काही बोलू नका, उगाच जिवाला घोर. मला ताप आला तर तुम्हालाच कळवीन, दुसरं आहे कोण?

निघताना छकुलीनं आतून ‘काकू’ म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. दिली असती तर धावत येऊन बिलगली असती.