आषाढाच्या आत घर

५ जून, गुरुवार
माफ कर. जानेवारीनंतर आज उघडतोय तुला. लिहिण्यासारखं काही नव्हतं – खोटं! होतं. पण कांचन गेली हे एकदा लिहिलं की लिहिलंच. आता लिहिलं. काही वाटलं नाही.

जयलक्ष्मीपुरमचं हे घर महिनाअखेर सोडायचंय. मालकांच्या मुलाचं लग्न आहे, त्यांना जागा हवी. दूधवाला अजून दोन पाकिटं टाकतो. त्याला सांगितलेलं नाही. दुसरं नासतं, ओतून देतो. रोज. चूक आहे, कळतं.

८ जून, रविवार
देवराज मोहल्ल्यात एक फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, दोन खोल्या, खाली मालकांचं शिवणाचं दुकान. मालक शेषगिरी. मराठीच, पण पाच पिढ्या म्हैसूरचे. घर दाखवायला त्यांची आई आली, सरस्वतीबाई. गुडघे धरत जिना चढल्या.

"बॅचलरला देत नाही हं आम्ही," शेषगिरी म्हणाले.

"बायको कुठाय?" आईनं विचारलं.

"टी. नरसीपूरला. माहेरी."

कुठून आलं तोंडात? तिचं माहेर नाशिक! नरसीपूरला फक्त अस्थी सोडल्या, संगमावर. तिला शेवटचं तिथं ठेवून आलो म्हणून असेल. कारण सापडलं म्हणून खोटं कमी होत नाही.

"अय्यो, मग बोलवा की! आषाढ लागायच्या आत दोघांनी येऊन दूध उतू घालायचं. एकट्यानं नको, बेडा! माहेरचं आडनाव काय?"

"सबनीस." हे तेवढं खरं.

१२ जून
आणखी तीन घरं. सगळीकडे तोच प्रश्न – फॅमिली? एका ठिकाणी खरं सांगितलं. "सॉरी सर." पाणीही विचारलं नाही.

१५ जून, रविवार
शेषगिरींचा फोन. "सर, मॅडम कधी येणार? सोमवार, तेवीस तारीख चांगली आहे. सव्वीसला, गुरुवारी आषाढ लागतो. मग महिनाभर अम्मा किल्ली देणार नाही बघा."

"येईल," म्हटलं. पहिलं खोटं अनवधानानं निघालं असं म्हणता येईल. हे नाही. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधतो मी. फोन ठेवला, भांडी घासली.

१९ जून
आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

२० जून, शुक्रवार
सांगितलं. दुकानातच. शेषगिरी ब्लाउजपीस कापत होते. कात्री थांबली.

"सर, हे आधी सांगायचं, अल्वा? नाही का?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आतून सरस्वतीबाई आल्या. "नरसीपूरला माझी नणंद राहते. मराठी घरं तिथं असून असून किती! त्याच दिवशी फोन केला मी. सबनीस कुणीच नाहीत म्हणाली."

म्हणजे बारा दिवस त्यांना माहीत होतं!

"मला वाटलं, सोडून गेली असेल, लाजतोय. म्हटलं बघू, स्वतःहून सांगतो का."

"पण अम्मा, एकट्याला –"

"तू गप्प रे. तुझे अप्पा गेले, मग आपण या घरात आलो. दूध कुणी उतू घातलं? मी एकटीनंच. तू कडेवर होतास." मग माझ्याकडे वळून – "सोमवारी ये. अर्धा लिटर आण. पातेलं लहान आण हां, मोठ्यात उतूच जात नाही."

आभार मानायचे राहिले. घरी येऊन लक्षात आलं.

२३ जून, सोमवार
दूध वर आलं तसा माझा हात बटणाकडे गेला. सवय! कांचन ओरडायची – "लक्ष कुठंय? शेगडी कोण घासणार?" सरस्वतीबाईंनी हातावर चापट मारली. "बिडू! सोड! जाऊ दे."

गेलं. शेगडीभर, ओट्यावरून खाली फरशीवर. बघत उभा राहिलो. रडू येईल वाटलं. नाही आलं.

"पूस नंतर," त्या म्हणाल्या. "किल्ली घे आधी."

२४ जून
सामान आलं. तिचा कप मिळाला, फुटला नाही.

उद्या: नव्या दूधवाल्याला सांगणे – पाकीट एकच.