माझ्या रेशमाची जाळी

१० एप्रिल
प्रियदर्शनी आली! पण एकटी न्हाई. फटफटीवर पुढं तो सुरज — कॉलेजात तिच्या प्रयोगशाळेतला.

रेशमाचे कोष न्यायला आलती. तिनं ब्लेडनं कोष चिरला, आतला किडा कोंबडीला टाकला, नुसतं टरफल ठेवलं. "हे उकळून, विरघळवून जाळी करायची. तिच्यावर कातडीच्या पेशी वाढवायच्या. पेशींचा जम बसला की जाळी विरून जाते. भाजलेल्या माणसाला कधीतरी उपयोग होईल." सुरजची जाळी प्लॅस्टिकची, तीही विरघळणारीच. दोन्हींची तुलना हाय म्हणं.

मी म्हणालो, "मग ही आमची चंद्रिकाच की! अळीला कोष बांधायला आमी जी जाळी ठेवतो, ती."

ती बघतच राहिली. "कॉलेज सोडलं नसतंस तर..."

झालं! डोकं फिरलं. दुसऱ्या वर्षाला सरांनी सगळ्यांसमोर प्रॅक्टिकलमधून हाकललं, तवाच ठरवलंय — कॉलेजच्या त्या गेटात परत पाय ठेवायचा न्हाई. हिला ठाऊक हाय.

सुरज अळ्यांच्या शेडात घुसत होता. सेंटाचा भपका! "बाहेर थांब बे. या वासानं अळ्या पाला सोडतील." लई बरं वाटलं.

१४ एप्रिल
जयंती. ती गावी आलती, पांढऱ्या साडीत. मी नवा शर्ट घालून उगाच तिच्यासमोरून ये-जा केली. मिरवणूक उमापूरच्या चौकात यायच्या आतच ती संभाजीनगरच्या गाडीला निघाली. "पेशींना खाऊ घालायचाय."

जयंती सोडून? पेशी काय रडत्यात का? सुरजलाच घालत असंल खाऊ!

१५ एप्रिल
माझा मेसेज तिनं वाचलाय. उत्तर न्हाई.

१९ एप्रिल
तिचा फोन. "अनिल, तुझ्या रेशमावरच्या पेशी मेल्या. सुरजच्या जाळीवरच्या मस्त वाढल्यात. कोषांवर काही फवारलं होतंस का?"

मी? शेडात अगरबत्तीसुद्धा लावू देत न्हाई मी!

"तुझ्या सुरजनंच कायतरी टाकलं असंल."

"मग येऊन त्यालाच विचार की."

ठेवला फोन. ठेवता ठेवता हसली — मला ऐकू आलं. का हसली? दोघं मिळून हसत असतील माझ्यावर.

२० एप्रिल
आईला म्हणालो, उद्या जातोय. तिनं पाल्याचा भारा तिथंच टाकला. "अळ्या शेवटच्या अवस्थेत, भस्म्या झाल्यागत खात्यात, अन् तू भांडायला चाललास?"

"माझ्या रेशमाची बेअब्रू झाली!"

"रेशमाची व्हय?" म्हणाली अन् हसायला लागली. हिलाबी हसायचंय! मग म्हणाली, "जा. पाला मी टाकते. पर हात उचलायचा न्हाई."

एक-दोन दिवस अळ्या सोडून जायचं तर जीव टांगणीला लागलाय. पेशींचं तसंच असतं का? असंल. तरी जयंती सोडून?

२१ एप्रिल
गेटात पाय ठेवला. सुरज जिन्यातच सापडला. धरली कॉलर! गडी घाबरला न्हाई. दात काढून वर बघून ओरडला, "प्रिया, आला गं!"

२२ एप्रिल
खोटंच बोलत होती ती! पेशी जिवंत हाईत. काल सूक्ष्मदर्शकात स्वतः बघितल्या — माझ्या रेशमाला घट्ट धरून बसल्यात. "मेल्या म्हणाले नसते तर आला असतास?"

आता त्याच सरांना भेटायचंय, कॉलेजात परत घ्या म्हणून. ती जिन्यात थांबलीय.