तीस दिवसांची मुदत

प्रिय ठेंगे,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, आणि रागावलीस तरी आता माझं काही बिघडत नाही. शाळेत एका बाकावर मी लंबू आणि तू ठेंगी होतो, तेव्हापासूनची तुझी रीत मला पाठ आहे. काही हवं असलं की तू ऐसपैस तीन पानं लिहितेस आणि खरं काम तिसऱ्या पानाच्या तळाशी टाकतेस. या वेळीही तेच. वरच्या अडीच पानांत मुलाने घर विकलं, महिनाअखेर खाली करायचंय, जन्मात पहिल्यांदा भाड्याने राहायची वेळ आली, 'तू इतकी घरं बदललीस, तर काय बघायचं, काय विचारायचं ते सगळं कळव', वगैरे. आणि तळाशी बारीक अक्षरात असं की, ओळखीचं माणूस म्हणून नव्या घरमालकाला माझं नाव दिलं आहेस. त्याचा कागद माझ्याकडे येईल. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, असं त्यात विचारलंय, तिथे 'नाही' लिही. भावोजींचे पाय गेलेत हे त्याला कळलं तर तो घर देणार नाही, आणि तळमजल्यावरचं दुसरं घर तुम्हाला कुठे मिळत नाहीये.

कागद आला. शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. त्याचं काय ते शेवटी सांगते. आधी तू मागितलेली माहिती देते, कारण या बाबतीत मी खरंच जाणती आहे. त्यातलं निम्मं तर तुझ्या घरामागच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं भाड्याने राहून शिकले.

घर एकदा बघून हो म्हणू नकोस. एकदा दुपारी जा, मग संध्याकाळी सगळे कामावरून परतल्यावर परत जा. दुपारी प्रत्येक घर शांत असतं. गेल्याबरोबर सगळे नळ एकदम सोड, एक बंद केलास की दुसऱ्याची धार वाढते का ते बघ. मालक गप्पांत गुंतवेल, गुंतू नकोस. भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर ते सरकवायला सांग. ओल नेहमी कपाटामागे असते आणि कपाट नेहमी ओलीसाठीच तिथे असतं. एकाच कोपऱ्यात ताज्या रंगाचा वास आला तर नाक खुपस आणि हात लावून बघ. तुझ्या मागच्या खोलीत खिडकीखाली असाच नवा रंग होता. मला तो दिसला होता, पण मैत्रिणीच्या घरात भिंतीला हात लावून बघायची लाज वाटली. पुढे तीन वर्षं ह्यांचे चांगले कपडे ट्रंकेतच राहिले, कपाटात बुरशी लागायची म्हणून. तुला सांगितलं तर तू म्हणायचीस, अगं, सगळीकडेच थोडंफार असतं. तुझ्या खोल्यांत नव्हतं.

आता कागदाचं. राहायला जाण्याआधी घरात काय मोडकं आहे, काय धड आहे, ते सगळं लिहून काढ. फुटलेली फरशी, न लागणारी कडी, करपलेला प्लग, सगळं. दोघांनी खाली सह्या करायच्या, एक प्रत तुझ्याकडे. फोटो काढून ठेव. विजेच्या मीटरचा आकडा मालकाच्या देखत टिपून घे. दुरुस्ती कोणती त्याची आणि कोणती तुझी, हे आत्ताच ठरवून घे. नंतर विचारलंस की तो काखा वर करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर सोडायला सांगायचं तर किती दिवस आधी सांगायचं, तो आकडा नीट वाच. आकडा लिहिलेलाच नसेल तर लिहून घे. आम्ही सामान घेऊन तुझ्या दारात उतरलो तेव्हा मी कागदाचं विचारलं होतं. आठवतं? तू माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, आपल्यात कसला गं कागद. मला त्या दिवशी काय भरून आलं होतं! रात्री ह्यांना म्हटलं, बघा, माणसं अशी असतात. ह्यांनी हातातल्या घड्याळाचं झाकण उघडलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आत उघडून बघितल्याशिवाय कशालाच चांगलं म्हणायचा नाही.

मालकाने यायचं तर आधी कळवून यावं, हेही लिहून घे. हसू नकोस. तू कधी दार वाजवून आलीस? तुझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार आमच्या खोलीत उघडायचं आणि कडी तुझ्या बाजूला होती. मी गिऱ्हाइकाचा ब्लाऊज अंगावर बेतत असले तरी तू आत. पातेल्यावरची झाकणं उचलून बघायचीस, पंखा कशाला चालू ठेवलाय म्हणून बंद करायचीस आणि जाता जाता माझ्या सुया घेऊन जायचीस. मी ते मैत्रीत घातलं. नऊ वर्षं घातलं. तुझे पडदे, उशांचे अभ्रे, मुलाचे शाळेपासूनचे सगळे कपडे शिवले तेही मैत्रीतच. म्हणून सांगते, घरमालकिणीशी गोड राहा, पण तिला मैत्रीण करू नकोस. आणि मैत्रीण असेल तर तिच्या घरात राहू नकोस.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसवा, माणसांत ठेवा. तुझं अंगण एवढ्यासाठी देवासारखं वाटलं मला. उंबरठाही नव्हता, खुर्ची सरळ बाहेर ढकलता यायची. सकाळी दोन तास हे अंगणात बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला डावा हात वर करायचे. लाळ गळायची, मी दर दहा मिनिटांनी जाऊन पुसायचे. पाय थोडे हलायला लागले होते गं. सहाव्या महिन्यात खुर्चीपासून तुळशीइतक्या झुडपापर्यंत, ते तुझं पिवळ्या फुलांचं होतं ना, तिथपर्यंत माझा खांदा धरून चालले होते. त्या दिवशी मी तुला हाक मारली होती दाखवायला. तू खिडकीत होतीस. आत गेलीस.

चार दिवसांनी दाराखालून पाकीट आलं. तुझ्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एक दार होतं, ठेंगे. नऊ वर्षांत ते दार तू हजारदा न विचारता उघडलंस, आणि त्या दिवशी त्याच्याखालून पाकीट सरकवलंस. टाइप केलेलं. 'आपणांस कळविण्यात येते की'. मी तुझी 'आपण' झाले! मुलाला व्यवसायासाठी मागच्या खोल्या हव्यात, तीस दिवसांच्या आत जागा रिकामी करावी. आपल्यातला तो पहिला कागद. खरं कारण मला इस्त्रीवालीने सांगितलं. मुलाचे भागीदार घरी यायला लागले होते, आणि अंगणात लाळ गाळणारा माणूस बसलेला बरा दिसत नाही, असं तू तिला म्हणालीस. मी तुझ्याशी भांडायला हवं होतं. तोंडावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं, कारण तू हो म्हणाली असतीस तर मला ते ऐकवलं नसतं. त्या खोल्यांना तुझ्या मुलाने पुढे दोन वर्षं कुलूपच ठेवलं, हे मला बसमधून जाता-येता दिसायचं. खिडक्या कायम बंद.

तीस दिवसांत आजारी माणसाला तळमजला मिळत नाही, हे तुला आता कळलं असेल. मी बावीस घरं बघितली. सगळीकडे पहिला प्रश्न, घरात कोण कोण? मी खरं सांगायचे आणि लगेच त्यांच्या कुठल्या तरी भावाला ती जागा हवी असायची. शेवटी चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली, लिफ्ट नव्हती म्हणून कुणी घेत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. म्हणून हे लक्षात ठेव: घर बघताना जिना रिकाम्या हाताने चढू नकोस, कुणाला तरी उचलून आणायचंय असं समजून चढ. वळणावर खुर्ची फिरते का बघ. न्हाणीघराचं दार मोज. माझ्याकडे टेप असते, तुझ्याकडे नसेल तर वीत लावून मोज. ह्यांचं चालणं तिथेच थांबलं. चार वर्षांत सात वेळा खाली उतरले, सातही वेळा दवाखान्यात जायला. आठव्यांदा त्यांना उतरवलं तेव्हा तू आली नाहीस. दोन ओळींचं पत्र पाठवलंस. ते मी वाचून चुलीत घातलं, हे तुला कधीतरी सांगायचं होतं, ते सांगून झालं.

राहिलेलं भराभर सांगते. गेल्याबरोबर कुलूप बदल, आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असतेच. भाड्याची पावती दर महिन्याला घे. सोडून जाणारा भाडेकरू भेटला तर तो का जातोय ते त्याला विचार, मालकाला विचारू नकोस. खिळा ठोकायचा तर आधी विचार. झाडं कुंडीतच लाव. आणि त्या जागेला आपलं घर म्हणायची घाई करू नकोस. मी केली होती.

आता तो कागद. मी तो आठवडाभर खणातून काढत होते आणि परत ठेवत होते. खरं लिहिलं की तुमचं घर जाणार, एवढं माझ्या हातात आलं होतं, आणि पहिले दोन दिवस मला ते फार गोड लागलं. खोटं कशाला बोलू? पण तुला एक गोष्ट माहीत नाही. शनिवारी सकाळी भावोजी वाचनालयात जायचे ना, पिशवीत पुस्तक घेऊन? ते वाचनालयात जात नव्हते. चार वर्षं दर शनिवारी ते अठ्ठ्याहत्तर पायऱ्या चढून आमच्याकडे येत होते. पिशवीत एकच जुनं पुस्तक, तू कधी उघडून बघितलं नाहीस, आणि त्याच्याखाली ब्रश, साबण आणि वस्तरा. दहा ते अकरा ते ह्यांची दाढी करायचे. गालावर फेस लावून, तोंडाची ओढलेली बाजू बोटाने अलगद ताणून. तुझ्याबद्दल एक शब्द नाही, माफी नाही, काही नाही. एकदा फक्त म्हणाले, पाकीट आलं त्या दिवशी मी घरात होतो, वहिनी. गुडघे धरून उतरायचे. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले होते, हे मला तुझ्या या पत्रातून कळलं. म्हणून मी कागद पोस्टात टाकला नाही. परवा स्वतः त्या घरमालकाकडे गेले. घर बघितलं, न्हाणीघराचं दार मोजलं, तीस इंच आहे, खुर्ची जाते. 'घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे का' या प्रश्नापुढे 'होय' लिहून कागद त्याच्या हातात दिला. खोटं लिहिलं असतं तर पुढे तेच धरून त्याने तुम्हाला बाहेर काढलं असतं, एवढं तरी मी शिकले आहे. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, जो चालू शकत नाही तो घर सोडून पळूनही जाणार नाही, इतका पक्का भाडेकरू तुम्हाला मिळायचा नाही. तरी नाही म्हणाला. मग मी जामीन म्हणून सही केली आणि तेव्हा कुठे तो वळला. करारात घर सोडायची मुदत तीस दिवसांची होती. ती मी खोडून सहा महिन्यांची करून घेतली आहे, त्याची सही खाली आहे, नीट वाच. यातलं काहीही तुझ्यासाठी केलेलं नाही. भावोजींना आता हातात वस्तरा धरवत नाही असं तू लिहिलं आहेस. मला दाढी करता येते, त्यांच्याकडे बघूनच शिकले. दर शनिवारी दहाला मी येईन. अकरा वाजेपर्यंत तू घरात असू नकोस, एवढीच माझी अट आहे. कुठे जायचं ते तुझं तू बघ, वाचनालय जवळच आहे.

तुझीच म्हणवत नाही, तरी दुसरं काही सुचतही नाही,
लंबू