गाडीपुरती आत्या

श्रावणातला सोमवार, घोडेगाव. दिवेलागण झाली.

किळस आली आज, आणि तीही पोटच्या पोराची.

सकाळी विलास म्हणाला, "आत्या, चल भीमाशंकरला." सुली, माझी धाकटी बहीण, लहानपणापासून एका पायानं अधू. केवढी हरखली! ठेवणीतलं लुगडं नेसली, परसातला बेल खुडला. मलाही वाटलं, पोराला माया आहे.

वर पोलीस गाड्या अडवत होते. अपंगांच्या तेवढ्या देवळाजवळ सोडत होते. विलासनं काच खाली केली. "अपंग हाय सायेब गाडीत. आत्या, पाय दाखव." पाय दाखव! पोलीसच बिचारा दुसरीकडं बघायला लागला. सुलीनं मुकाट्यानं लुगडं जरा वर सरकवलं.

गाडी अपंगांच्या जागेत लागली आणि गाडीतली बाकी सगळी मंडळी देवळाच्या पायऱ्या उतरून गेली. "आत्या, तू बस हितंच. आबा हायेत सोबतीला." बेल न्यायचंही कुणाला सुचलं नाही. तिला खाली नेणं मला एकट्याला झेपत नाही, नाहीतर... पाय दाखव म्हणे. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं. शी!

घरी आलो तर विलासच्या मित्राचा शिनोलीहून फोन. स्पीकरवरच होता. "राव, पुढल्या सोमवारी तुझी आत्या देतो का?" विलास खदखदा हसला.

सुली ओट्यावरून म्हणाली, "येते म्हणावं त्याला. पण पिंडीपर्यंत मला पाठीवर न्यायचं. गाडीत बसून देव दिसत न्हाई, बाबा."

विलासनं फोन ठेवला. हसू मात्र तोंडावर तसंच राहिलेलं. ते मला बघवेना.