निळ्या फितीचे पाच तुकडे

१२ ऑगस्ट
पुन्हा मीच गव्हर्नर. सर्व्हेत नऊ टक्क्यांनी पुढे आहे. समोर कोण, तर कोरा लिंडक्विस्ट, गाई-डुकरांची डॉक्टर! दोन संकल्प: नोव्हेंबरपर्यंत कुणालाही दुखवायचं नाही. तळलेलं बंद.

१५ ऑगस्ट
राज्याची जत्रा. काडीवरची तळलेली सॉसेजेस चार खाल्ली. मतदारांचा आग्रह; पहिल्या संकल्पासाठी दुसरा मोडावा लागला.
मग लोणच्यांच्या स्पर्धेत परीक्षक. शेवटच्या फेरीत काकडीच्या लोणच्याच्या पाच बरण्या, नावं झाकलेली, नुसते नंबर. एकीला पहिल्या नंबराची निळी फीत दिली की चार घरं नाराज! कात्री मागवली, फितीचे पाच तुकडे केले, पाचही पहिल्या. मंडपात चिडीचूप. लोक भारावले असणार. प्रचारप्रमुख ड्वाइट कानाशी म्हणाला, "साहेब, काय करून बसलात हे?" याला राजकारण कधी कळणार!

१६ ऑगस्ट
जेवताना ग्लेनिस गप्प. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. प्रचाराचा शीण.

१८ ऑगस्ट
कोराने जत्रेत जाऊन पाचही लोणची चाखली. चार नंबरचं सगळ्यांत झकास, दोन नंबरचं खारट, असं तोंडावर सांगितलं. आणि दोन नंबरवाली बाई चिडायचं सोडून तिच्या प्रचाराला लागली! ड्वाइट म्हणे, "तिने निदान चाखलं तरी. तुम्ही चाखलं होतं का?"
पोटात जागा कुठे होती?
चार नंबरवाली कोणी जी. टॉर्गर्सन आहे म्हणे. आडनाव ऐकल्यासारखं वाटतं. उद्यापासून तळलेलं बंद.

१० ऑक्टोबर
आघाडी दोन टक्के. सर्व्हेवाल्यांना फोन करायची अक्कल नाही. कोराच्या सभांना लोक निळ्या फितीचा तुकडा छातीला लावून येतात. कल्पना माझीच, म्हणजे प्रचार माझाच. ग्लेनिसच्या कोटावरही एक दिसला. बिचारी माझ्यासाठी किती झटते!

३ नोव्हेंबर, दुपार
मत दिलं. ग्लेनिस सकाळीच देऊन आली होती, हसतमुखाने. विजयाचं भाषण अकरा पानी.

५ नोव्हेंबर
हरलो. बाराशे मतांनी. ड्वाइटने फोन बंद ठेवलाय.
ग्लेनिस सरकारी घरातलं सामान बांधतेय. खोक्यात एक झाकण दिसलं, वर 'चार' आणि बोटभर निळी फीत. तेव्हा आठवलं, टॉर्गर्सन म्हणजे माझे सासरे.
ती म्हणाली, "पंधरा वर्षं माहेरच्या नावाने बरणी पाठवतेय. गव्हर्नरची बायको म्हणून कुणी फीत द्यायला नको. यंदा पहिल्यांदा शेवटच्या पाचांत आले, आणि वॉरन, तू चाखलंसुद्धा नाहीस."
फार लाज वाटली. आता चाखतो, म्हटलं. बरणी कोराकडे दिली म्हणाली, अभिनंदनाला.
मत कुणाला दिलं, ते विचारलं नाही. ती दुसऱ्या खोलीत गेल्यावर झाकण हुंगून पाहिलं. फर्स्ट क्लास होतं.